पाच चौकटी, पाच तुकडे

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कंपोझिट पदार्थांची (राळेसारख्या पदार्थात मजबूत तंतू बसवून केलेल्यांची) छोटी प्रयोगशाळा सुरू होते आहे. एका भिंतीवर या विषयातल्या आद्य संशोधकांच्या पाच तसबिरी लावायच्या ठरल्या आणि तिथून वाद सुरू झाला. प्राचार्य म्हणतात कलाम हवेतच. एक सहकारी विचारतात, बाकी सगळे परदेशीच कशाला? मुलं विचारतात, ही नावं परीक्षेला येणार का? तुम्ही कोणाला निवडाल?
– एक प्राध्यापक, सांगली

सर, तुमचं पत्र वाचून मला भोसरीतल्या आमच्या कारखान्यातला फळा आठवला. मी १९८६ मध्ये तिथे लागले. फळ्यावर साहेबांनी खडूने एक समीकरण लिहून ठेवलं होतं आणि वर शीर्षक होतं : साई-वू. पुढची दोन वर्षं मी ते समीकरण वापरत होते आणि साई-वू हे एकाच माणसाचं नाव आहे असं धरून चालले होते. स्टीफन साई आणि एडवर्ड वू ही दोन माणसं आहेत, कंपोझिट कधी मोडेल याचा हा निकष त्यांनी १९७१ मध्ये मांडला, आणि त्याआधी इंजिनिअर मंडळी नेमकी कशाशी झगडत होती, हे मला कोणी सांगितलं नाही. नाव रोज तोंडात होतं, माणूस कुठेच नव्हता. तसबिरी लावूनही असंच होऊ शकतं. म्हणून माझी एकच विनंती आहे. प्रत्येक चौकटीखाली छोटी फळी ठोका आणि तिच्यावर त्या माणसाच्या कामाचा एक तुकडा ठेवा. मुलांना तो हातात घेता आला पाहिजे.

पहिली चौकट ए. ए. ग्रिफिथ यांची. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करताना त्यांनी १९२० मध्ये काचेचे तंतू ओढून तोडून पाहिले. साधारण एक मिलिमीटर जाडीचा तंतू जेवढा ताण सोसायचा, त्याच्या जवळपास वीसपट ताण ३.३ मायक्रॉनचा तंतू सोसत होता. काच तीच, फक्त बारीक केलेली. कारण असं, की काच तुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म भेगांपासून, आणि इतक्या बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही. आमच्या धंद्याचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे. इथे तुकडा विकत आणू नका. मुलांना चष्मे घालायला लावा, काचेची कांडी बर्नरवर मऊ करा आणि झटक्यात ओढा. केसाहून बारीक तंतू निघेल. बोटाभोवती गुंडाळला तरी तो तुटत नाही, हे ज्याने एकदा पाहिलं त्याला ग्रिफिथ पाठ करावे लागत नाहीत.

दुसऱ्या चौकटीत मी दोन नावं एकत्र लिहीन : ओसाकाच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेतले अकिओ शिंदो आणि फार्नबरोचेच विल्यम वॉट. इथे थोडं थांबते, कारण ही गोष्ट माझ्या फार जवळची आहे. आपण थंडीत घालतो त्या स्वस्त स्वेटरची अॅक्रिलिक लोकर म्हणजे मुख्यतः पॉलिअॅक्रिलोनायट्राइल. शिंदोंनी हा तंतू आधी हवेत दोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान तापवला. त्याने तो वितळत नाही. आधी पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी काळा पडतो, आणि आता ज्वाळेलाही दाद देत नाही. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे नेला की जवळपास नुसता कार्बन उरतो. हे १९६० च्या आसपासचं काम. तीन-चार वर्षांनी वॉट आणि त्यांचे सहकारी फिलिप्स व जॉन्सन यांनी त्यात कळीची भर घातली. तापताना तंतू आकसू पाहतो, त्याला आकसू द्यायचं नाही, ताणून धरायचं. म्हणजे आतल्या साखळ्या तंतूच्या दिशेतच राहतात आणि ताकद येते. लोणच्याच्या बरणीवर दादरा जसा ताणून बांधतो, सैल पडला तर उपयोग नाही, तसं. १९७१ मध्ये जपानच्या टोरे कंपनीने अशा तंतूचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. फळीवर चार लडी ठेवा : पांढरी, पिवळट, तपकिरी, काळी. तयार नमुने पुरवठादाराकडून मागवा. वर्गात लोकर भाजून पाहू नका, तिच्यातून विषारी वायू सुटतो.

याच चौकटीत एक फसलेला प्रयत्नही लिहा, मुलांना तो कळला पाहिजे. फार्नबरोच्या तंतूवर विश्वास ठेवून रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन कंपोझिटची केली. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती फुटली आणि कंपनीला टायटॅनियमकडे परतावं लागलं. त्या इंजिनाच्या खर्चाखाली कंपनी १९७१ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. तशी पाती प्रवासी विमानांच्या नेहमीच्या सेवेत आली ती १९९५ मध्ये, जीई९० इंजिनावर, आणि त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी होती.

तिसरी चौकट इंग्लंडमधले धातुशास्त्रज्ञ अँथनी केली यांची. फळीवर सुंभाचा दोर ठेवा, बाकी काही नको. काथ्याचा एक तंतू वीतभरच असतो, तरी दोर विहिरीच्या तळापर्यंत पोचतो आणि भरलेली घागर वर आणतो. तंतू शेजारच्या तंतूला घासून भार पुढे देतो. केली आणि टायसन यांनी १९६५ मध्ये तांब्यात टंगस्टनच्या तारा बसवून हेच मोजलं : तंतू किमान किती लांब असला म्हणजे भोवतालचा पदार्थ त्याच्यावर पुरता भार चढवू शकतो. त्याहून आखूड असेल तर तो तुटण्याआधीच उपसून येतो. आमच्याकडे राळेला 'नुसता गोंद' म्हणणारे लोक होते. त्यांना मी हा दोर दाखवायचे.

चौथी चौकट स्टेफनी क्वोलेक यांची. आठ बाय दहाच्या तसबिरीवर मात्र भागवू नका, ही चौकट मोठी करा. वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवायचे म्हणून ही मुलगी १९४६ मध्ये ड्यूपाँट कंपनीत लागली आणि रसायनशास्त्रातच राहिली. १९६५ मध्ये टायरसाठी हलका, मजबूत तंतू शोधताना तिच्या चंचुपात्रात एक द्रावण तयार झालं. पॉलिमरचं द्रावण एरवी दाट, पाकासारखं असतं. हे पातळ आणि गढूळ होतं. तिने स्वतः त्याचं वर्णन ताकासारखं असं केलेलं आहे. असं द्रावण बाद म्हणून ओतून देण्याची रीत होती. तंतू काढायचं यंत्र चालवणारे चार्ल्स स्मलन यांनी ते यंत्रात घालायला नकार दिला, कारण गढूळपणा म्हणजे आत कण असणार आणि चाळणीची बारीक भोकं बुजणार. त्यांची शंका रास्त होती, मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. क्वोलेकबाईंनी द्रावण गाळून पाहिलं होतं, कण नव्हते. त्या मागे लागल्या, शेवटी स्मलन तयार झाले, आणि निघालेला तंतू तुटेचना. वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत. तो गढूळपणा म्हणजे ताठ रेणू द्रावणातच ओळीने लागल्याची खूण होती. त्यातून पुढे गोळी अडवणाऱ्या जाकिटांतलं केव्हलर आलं. हर्बर्ट ब्लेड्स यांनी तंतू काढायची पद्धत सुधारली तेव्हा ते बाजाराजोगं झालं.

या चौकटीत स्मलन यांचं नाव त्याच टाइपात, त्याच आकारात लिहा. आमच्या कारखान्यात शोधनिबंध साहेबांच्या नावे छापून यायचे, आणि ज्यांनी मोल्डवर, म्हणजे साच्यावर, ओणवं होऊन, हाताला पुरळ येईस्तोवर थर घातले त्यांची नावं हजेरीपटात राहायची. ते मला तेव्हाही टोचायचं आणि आजही टोचतं.

पाचवी साई आणि वू यांची. लोखंडाची ताकद विचारली तर एक आकडा सांगून भागतं. कंपोझिटला एका आकड्यात बसवता येत नाही. साई यांच्या काळातल्या एका प्रसिद्ध कार्बन-इपॉक्सीचे (इपॉक्सी ही एक राळ) आकडे पाहा : तंतूच्या दिशेत ओढलं तर १५०० मेगापास्कल (हे ताणाचं माप), आडवं ओढलं तर फक्त ४०. बांबू उभा चिरतो ना, कोयत्याचा एक घाव आणि सर्र? तेच. पण खऱ्या भागावर ओढ, दाब आणि कातर (एक बाजू दुसरीवरून सरकवू पाहणारा ताण) एकाच वेळी येतात, मग तो कधी मोडणार? साई-वूंनी हे सगळे ताण एका समीकरणात आणले. फळीवर एकाच दिशेच्या तंतूंची कार्बनची पातळ पट्टी ठेवा. तंतूंच्या ओळीने ती बोटांनी कडकन फुटते आणि लांबीच्या दिशेने ओढून दोघा मुलांना हलतसुद्धा नाही. पट्ट्या बऱ्याच ठेवा, दर वर्षी संपतील.

इथे माझ्याकडचा एक तुकडा तुम्हाला देऊ शकते. १९८९ मध्ये मी चार थरांची एक पातळ पाटी घातली होती. तंतूंची दिशा अंशांत धरली तर शून्य, नव्वद, नव्वद, शून्य असा क्रम हवा होता. पाळी संपत आली होती, शेवटच्या दोन थरांचा क्रम माझ्याकडून उलटा पडला. १२० अंशांच्या भट्टीत ती सपाटच होती. गार होताना पन्हळीसारखी वाकली. तंतूच्या दिशेत कार्बन जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेत राळ आकसते, आणि वरचे-खालचे थर आरशासारखे जुळलेले नसले की ही ओढाताण एकमेकींना काटत नाही. रायस्नर आणि स्टॅव्हस्की यांनी १९६१ मध्ये या वाकण्याचं गणित मांडलं होतं. माझ्या वह्यांत ते होतं, पण मला ते कळलं त्या संध्याकाळी. ती पाटी अजून माझ्या कपाटात आहे. कुरिअरने पाठवते.

आता कलामसाहेब. प्राचार्यांचं बरोबर आहे, पण राष्ट्रपतींची तसबीर लावू नका, त्यांचं काम ठेवा. थुंब्याच्या अग्निबाण केंद्रात असताना ते तंतुमिश्रित प्लॅस्टिकच्या कामात होते, आणि हैदराबादला अग्नी क्षेपणास्त्राचं काम चाललेलं असताना तिथल्या निम्स रुग्णालयातल्या एका अस्थिरोग डॉक्टरांनी हा हलका पदार्थ हातात घेऊन पाहिला. पोलिओ झालेली मुलं तीन-तीन किलोंचे धातूचे कॅलिपर पायाला बांधून फरफटत चालत. तीन आठवड्यांत तीनशे ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. हा प्रसंग कलाम स्वतः भाषणांतून सांगत, आपल्या मोठ्या आनंदांपैकी एक म्हणून. दाराशी एक स्टूल ठेवा, त्यावर जुना लोखंडी कॅलिपर आणि शेजारी कंपोझिटचा. येणारा प्रत्येक जण दोन्ही उचलून बघेल.

भारतीय नावांबद्दल तुमच्या सहकाऱ्यांनी विचारलेलं आहे. त्यांनी खालचं उत्तरही वाचावं.

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित माग आहेत. सुताला भाव नाही. काच किंवा कार्बनचं कापड विणता येईल का, आणि असल्या कापडावर आपल्याकडे कोणी अभ्यास केला आहे का?
– एक मागवाले, इचलकरंजी

केला आहे, आणि तुमच्यापासून फार लांब नाही. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्रा. एन. के. नाईक यांनी विणलेल्या कापडाच्या कंपोझिटवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९२ मध्ये त्यांनी आणि शेंबेकर यांनी मांडलेलं गणित जगभर वापरलं जातं.

त्यांचा प्रश्न तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. मागावर ताणा बाण्याच्या वरून-खालून जातो, म्हणजे प्रत्येक धागा लाटेसारखा वळतो. साडीत त्याचं काही बिघडत नाही. विमानाच्या भागात ओढ आली की वळलेला धागा आधी सरळ व्हायला बघतो, आणि त्या प्रमाणात कापडाचा ताठरपणा कमी होतो. वळण किती, दोन धाग्यांमध्ये फट किती, धाग्याचा काप कसा, यावरून ताठरपणा किती घटेल हे त्यांनी ताणा आणि बाणा दोन्हींची वळणं धरून काढलं. आधीच्या सोप्या गणितांत बऱ्याचदा एकाच दिशेचं वळण धरलेलं असे. साधी वीण घट्ट बसते पण वळणं जास्त. सॅटिनमध्ये धागा बराच वेळ सरळ जातो, म्हणून ताठरपणा जास्त मिळतो आणि कापड वळणदार मोल्डवर छान बसतं. हे तुम्ही नुसत्या बोटांनी ओळखता. त्यांनी ते आकड्यांत आणलं.

सांगलीचे सर, सहावी चौकट ही. तिच्याखाली इचलकरंजीच्या मागावरचं साध्या विणीचं आणि सॅटिनचं कापड शेजारी शेजारी ठेवा.

तुमच्या धंद्याचं म्हणाल, तर काचेपासून सुरुवात करा. काचेचा धागा घासला की तुटतो, त्यामुळे जिथे जिथे तो टेकतो त्या जागा गुळगुळीत हव्यात. कार्बनच्या नादी एकदम लागू नका. त्याची कुसं हवेत उडतात, आणि कार्बनमधून वीज वाहते. मोटर आणि पॅनेलमध्ये ती शिरली की शॉर्ट सर्किट होतं. कार्बनचा माग वेगळ्या बंद खोलीतच घालावा लागतो, पॅनेल बाहेर ठेवून.

प्रश्न : प्रश्नमंजुषेत 'कार्बन तंतूचा शोध कोणी लावला?' याला मी एडिसन लिहिलं. गुण मिळाले. पण दुसऱ्या एका पुस्तकात रॉजर बेकन दिलं आहे. खरं कोण?
– एक विद्यार्थिनी, दापोली

बाळ, गुण परत देऊ नकोस, पण तुझी शंका अगदी बरोबर आहे. एडिसनने १८७९ मध्ये दिव्यासाठी सुती धागा जाळून कार्बनची तार केली, पुढे जपानमधल्या क्योटोजवळचा बांबू वापरला. त्याला उजेड हवा होता. ती तार ठिसूळ होती, भार उचलायचा प्रश्नच नव्हता.

रॉजर बेकन अमेरिकेत ओहायोमधल्या पार्मा इथे युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत होते. हे नाव वाचून आपल्याला भोपाळ आठवतं आणि ते आठवलंच पाहिजे. बेकन यांचं हे काम मात्र त्याच्या पुष्कळ आधीचं, १९५८ चं. प्रचंड दाबाखाली विजेच्या ठिणगीत ग्रॅफाइट तापवताना भट्टीत एक खडा जमला. तो फोडला तर आत केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके बारीक, इंचभर लांब तंतू. त्यांची ताकद २० गिगापास्कल, म्हणजे वीस हजार मेगापास्कल भरली. असे तंतू करायचे तर पौंडाला एक कोटी डॉलर पडतील, असा त्यांचाच अंदाज होता. म्हणजे कार्बनचा तंतू किती ताकदवान होऊ शकतो हे बेकननी दाखवलं, आणि परवडेल असा करायचा रस्ता शिंदो आणि वॉट यांनी काढला. पार्माच्या त्या प्रयोगशाळेला अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

पुढच्या वेळी प्रश्न काढणाऱ्या बाईंना सांग, 'कोणी लावला' ऐवजी 'कोणी काय केलं' असं विचारा. चारही नावं लिहिता येतील.

प्रश्न : आमच्या वाडीत फायबरची पहिली होडी माझ्या बाबांनी केली. ते शिकलेले नव्हते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा मोल्ड मांगराच्या मागे पावसात पडून आहे. भाऊ म्हणतो तोडून टाकूया. तुम्ही संशोधकांबद्दल लिहिता, म्हणून विचारते, याचं काय करू?
– एक वाचक, मालवण

ताई, तोडू देऊ नका. आधी तो छपराखाली घ्या आणि पालथा न ठेवता खाली लाकडं देऊन सरळ ठेवा, नाहीतर स्वतःच्याच वजनाने पीळ पडेल. गोड्या पाण्याने धुवा. आतल्या बाजूला बारीक जाळीसारख्या भेगा असतील तर तो वरचा जेलकोट फुटलेला आहे, तो दुरुस्त होतो. वॅक्सचे चार-पाच हात द्या.

मग गावात फायबरचं काम करणाऱ्या कोणाला तरी घेऊन त्याच्यातून एक होडी काढा. बाबांबरोबर काम केलेलं माणूस असेल तर फारच चांगलं. त्यांना कामाआधी बसवून विचारा आणि लिहून घ्या : तळाला साडेचारशेच्या (चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाच्या) काचेच्या मॅटचे किती थर, कण्याला किती, वोव्हन रोव्हिंग (काचेचं जाड विणलेलं कापड) कुठे, पावसाळ्यात हार्डनर किती कमी-जास्त करायचे. ही मापं त्यांच्या हातात असणार, कुठेही लिहिलेली नसणार. आणि तुम्ही जवळ असाल तर एक पाहा : हार्डनर आणि कोबाल्ट (राळ लवकर घट्ट व्हावी म्हणून घालतात ते) एकमेकांत थेट मिसळू देऊ नका, भडका उडतो. एक राळेत नीट ढवळून झालं की मगच दुसरं.

बाबांच्या हातची एखादी जुनी होडी मोडीत निघाली असेल तर तिच्या तळाचा, कण्याचा आणि बाजूचा तळहाताएवढा एकेक तुकडा कापून घ्या. प्रत्येकावर कुठला ते खडूने न लिहिता कोरून लिहा. भट्टीत राळ जाळून टाकली की काच मागे राहते आणि थर एकेक करून सुटे होतात, जुन्या वहीची पानं सुटावी तसे. ते मोजता येतात. तुकडे मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा, आणि सोबत बाबांचं पूर्ण नाव आणि पहिली होडी पाण्यात उतरवल्याचं साल लिहा. सांगलीच्या सरांकडे भट्टी असेलच. थर मोजून तुम्हाला कळवते.